कशावरनं?

पालघरच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. आवाज मोठा होता, राग नाकावर होता आणि खडू फेकून मारण्यात माझा नेम सगळ्या शाळेत प्रसिद्ध होता. पण ‘मी सांगतो म्हणून’ हे तीन शब्द मी वर्गात कधी तोंडातून काढले नाहीत. कुणी ‘कशावरून, सर?’ म्हणालं की तास गेला तरी बेहत्तर, मी फळा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचो. सहकाऱ्यांना वाटायचं, माणूस तत्त्वाचा आहे. तत्त्व कसलं डोंबलाचं! मला एका बाईची धास्ती होती. ती समुद्रकाठच्या दांडी गावात राहायची आणि तिला अक्षरओळख नव्हती.

ती माझी घरमालकीण. सगळी दांडी तिला ‘बाय’ म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. पहिले आठ दिवस मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होतो. नवव्या दिवशी तिने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, “तुमी तुमी कोनाला करतोस? हितं मी एकटीच हाय.” तेव्हापासून ‘तू’.

साठ ते सत्तरमधली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी घाटावरून येऊन तिथल्या नकाशांच्या खात्यात ट्रेसर म्हणून लागलो होतो. ट्रेसर म्हणजे मोठ्या नकाशावर पातळ कागद पसरून खालच्या रेघा शाईने गिरवणारा. बोईसरला तेव्हा माणसांची ही गर्दी लोटलेली, की एकेका खोलीत सहासहा जण आणि पहाटेपासून हिंदीत भांडणं. मला अभ्यासाला शांतता हवी होती. कुणीतरी म्हणालं, दांडीला एका म्हातारीची पडवीतली खोली रिकामी आहे, पण तिथे कुणी टिकत नाही.

का टिकत नाही ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

मी म्हटलं, “मी चांगल्या घरातला आहे. दारू पीत नाही.”

“कशावरनं?”

मी आमच्या साहेबांचं पत्र पुढे केलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. “ह्ये तूच लिवलं नसशील, कशावरनं?”

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. तिने कळशीकडे बोट केलं आणि म्हणाली, विहिरीवरनं पाणी आण. आणलं. ती माझ्या मागोमाग विहिरीवर गेली आणि परत येऊन म्हणाली, “दोर गुंडाळून ठेवलास. ऱ्हा.” साहेबांच्या सहीपेक्षा तिला तो गुंडाळलेला दोर खरा वाटला. खोली मिळाली.

हा ‘कशावरनं’ तिला दिवसातून पन्नास वेळा लागे. पोस्टमन म्हणाला ‘पत्र नाही’, की कशावरनं? मग तो बिचारा पिशवी ओटीवर पालथी करून दाखवी. भटजी म्हणाले ‘आज एकादशी’, की कशावरनं? भटजींनी तिच्या घराकडून जायचंच सोडलं होतं. एकदा केंद्रावरचा एक तरुण इंजिनियर गावात आला आणि लोकांना गोळा करून सांगू लागला, की चिमूटभर धातूतून अख्ख्या मुंबईला पुरेल एवढी वीज निघणार आहे. बाय मागून म्हणाली, “कशावरनं?” लोक हसले. इंजिनियरही हसला. “आदी पेटव, मंग बोल,” म्हणून ती मासळी वाळत घालायला निघून गेली.

बोईसरच्या एका डॉक्टरशी तर तिचं कायमचं वाकडं होतं. पाय सुजले म्हणून तिचा नवरा, म्हातारा, तिला तिकडे घेऊन गेला. डॉक्टरने तपासून सांगितलं, मीठ बंद. मीठ बंद म्हणजे दांडीत निम्मं जेवण बंद. तिने विचारलं, कशावरनं? दवाखान्यात रांग लागलेली, डॉक्टर वैतागला. “मी सांगतो म्हणून!” बाय उठली आणि सुजलेल्या पायांनी बोईसरपासून दांडीपर्यंत चालत आली. म्हातारा मागून औषधाची बाटली घेऊन. तिने मला ही हकीकत सांगितली तेव्हा तिचा स्वर कुणी आईवरून शिवी दिल्यासारखा होता. “मी सांगतो म्हनून! हां? ह्ये काय कारन झालं? माजा बापूस पन असं बोलला नाय कदी.”

मला वाटे, हिला कधीतरी कुणीतरी फार मोठा दगा दिला असणार. त्याशिवाय माणूस असं होत नाही. तरुण वयात आपल्याला सगळ्यांच्या मागे एकेक दुःख दिसतं. एकदा धीर करून मी शेजारणीला विचारलं. ती मासळीच्या पाटीसकट हसली. “तिला कायपन झालं नाय रं. पाळन्यात असल्यापासनं तशीच. लग्नात भटाला इचारलंन, ह्योच मुहूर्त कशावरनं. म्हाताऱ्याला इचार.” म्हातारा होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवत बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, “तिला इचार.” संसारात एवढी वर्षं तो या दोन शब्दांवर सुखाने तरला होता.

आता माझं सांगतो. मी गणित घेऊन बी.ए.ला बाहेरून बसलो होतो. केंद्राचं बांधकाम संपलं की नकाशे संपणार, आणि नकाशे संपले की ट्रेसर घरी, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पालघरच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. हेडमास्तर म्हणाले होते, एप्रिलात सुटलास तर जूनपासून ये. मी एप्रिलात बसलो आणि दोन मार्कांनी गेलो.

पेपरात एक प्रश्न होता, आणि त्याच्याबद्दल माझी छातीठोक खात्री होती. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश, अशी पुढे जाणारी क्रमिका कॉशी आहे हे सिद्ध करा. नाव भारदस्त, पण मामला साधा. कॉशी म्हणजे अशी क्रमिका, की जिची पदं पुढे पुढे एकमेकांना बिलगत जातात. मी लिहिलं होतं, की प्रत्येक पद आणि त्याच्या शेजारचं पद यांतलं अंतर कमी कमी होत शून्याकडे जातं, म्हणून क्रमिका कॉशी आहे. चार ओळींत काम तमाम. तोच प्रश्न कापला गेला असणार, बाकीच्या पेपराचा हिशेब मी घरी बसून दहा वेळा केला होता. क्रमिका कॉशी आहे, हे तर खरंच होतं ना? मग मार्क का नाहीत? मी भेटेल त्याला सांगत सुटलो की परीक्षकाने अन्याय केला.

बायलाही सांगितलं. “बरोबर लिहिलं होतं गं मी.”

“कशावरनं?”

मला रडू आलं. खरंच आलं. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

हेडमास्तर भला माणूस. त्यांनी जागा ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत राखली. “पण या वेळी शेवटचं. नाहीतर मला जाहिरात द्यावी लागेल,” म्हणाले. घरी मी आधीच पत्र टाकलं होतं की मास्तर होणार. वडिलांनी ते पत्र गावभर वाचून दाखवलं होतं. आता काय कळवणार, कपाळ?

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पडवीपडवीतून जाळी विणायचं काम चालतं. म्हाताऱ्याचं जाळं नारळी पौर्णिमेपर्यंत तयार व्हायला हवं होतं. मी कामावरून आलो की पडवीत येरझाऱ्या घालत व्याख्या घोकायचो. बाय चार दिवस ऐकून घेत होती. पाचव्या दिवशी तिने माझ्या हातात लाकडी सुई आणि सुताचं गुंडाळं दिलं. “तोंड चालतंय ना? मंग हात पन चालू दे.”

जाळ्याच्या एकेका चौकोनाला तिकडे आस म्हणतात. प्रत्येक आस सारख्या मापाचा यावा म्हणून एक बांबूची पट्टी असते. पट्टीवरून सूत घ्यायचं, गाठ मारायची, पट्टी काढायची, पुन्हा पुढच्याला लावायची. दोन दिवसांत मला गाठ जमली आणि तिसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. म्हटलं, दर वेळी ही पट्टी लावा नि काढा कशाला? आधीचा आस डोळ्यांसमोर आहे, त्याच्यासारखा पुढचा करायचा. हात झपझप चालू लागला. व्याख्याही पाठ होत होत्या. आपण दोन्ही दगडांवर पाय ठेवून नदी पार करतोय, असं मला वाटत होतं.

रविवारी दुपारी बायने माझं काम हातात घेतलं. पट्टी माझ्या पहिल्या आसात घातली. चपखल बसली. विसाव्यात घातली. बसली. शंभराव्यात ती हलू लागली. दोनशेव्यात बायने पट्टी सोडली आणि ती आरपार जाऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडली.

“यातनं बोंबील काय, तुजा सायब पन निसटंल,” ती म्हणाली. “उसव.”

“अगं, पण बघ तरी!” मी जाळं ओढून घेतलं. “हा आस आणि हा त्याच्या शेजारचा. आहे का फरक? आता हा आणि हा. केसाएवढा तरी फरक दाखव मला!”

“शेजाऱ्याला कशाला इचारतोस? शेजारी तुज्या हातचाच. लांबच्याला इचार.” तिने पहिला आस आणि दोनशेवा आस एकमेकांवर धरले. चांगलं बोटभर अंतर होतं. “कापूस कुटला!” ही तिची ठेवणीतली शिवी होती, तिचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही.

मी उसवायला बसलो. साठसत्तर आस उसवले असतील, आणि सुई माझ्या हातातून गळाली.

शेजाऱ्याला कशाला विचारतोस!

मी तरी दुसरं काय लिहिलं होतं पेपरात? प्रत्येक पद शेजारच्या पदाच्या जवळ आहे, म्हणून सगळी एकमेकांच्या जवळ आहेत. प्रत्येक आस शेजारच्यासारखा आहे, म्हणून जाळं बरोबर आहे! आणि हे मी केलं होतं, ज्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी हेड ड्राफ्ट्समनने दम दिला होता की ट्रेस काढायचा तो मूळ नकाशावरून, ट्रेसवरून ट्रेस काढलास तर हात तोडीन.

तरी माझा अहंकार सहजासहजी मरणारा नव्हता. म्हटलं, माझ्या जाळ्यात फरक निदान कमी तरी होत नव्हता, क्रमिकेत तो कमी होत जातो. मी वही घेतली. समजा फरक कमी होतोय. एकात अर्धा मिळवा, मग एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश, असं मिळवत जा; येणाऱ्या बेरजा म्हणजे नवी क्रमिका. दर वेळी पाऊल लहान पडतंय. पण तिसरा आणि चौथा भाग मिळून अर्ध्याहून जास्त भरतात. पुढचे चार मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. त्याच्या पुढचे आठ मिळून पुन्हा. पावलं मुंगीची झाली तरी ही स्वारी कुठे थांबायलाच तयार नाही! शेजारी शेजाऱ्याला चिकटलेला, आणि तरी सगळे मिळून चालले दूर. परीक्षकाने अन्याय केला नव्हता. माझं उत्तर खरं होतं आणि सिद्धता खोटी होती. दोन महिने उराशी धरलेला राग क्षणात उतरला, आणि काय सांगू, मला आनंद झाला. आपली चूक हातात धरून बघता आली याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मी बायपुढे जाऊन बसलो. “बाय, मी तुला एक गोष्ट पटवणार आहे. तू हवं तेवढं कशावरनं म्हण.”

ती जरा हुशारून बसली. असं आवतण तिला जन्मात कुणी दिलं नव्हतं.

मी म्हटलं, “हातभर लांबीची एक काडी. दुसरी काडी तिच्या अर्ध्याएवढी. तिसरी पहिलीच्याच तिसऱ्या भागाएवढी, चौथी पहिलीच्या चौथ्या भागाएवढी. अशा काड्या संपतच नाहीत. माझं म्हणणं, पुढे गेलं की या सगळ्या एकमेकींसारख्या होतात.”

“कशावरनं? शेजारच्या शेजारच्या दाखवू नको मला.”

“नाही दाखवत. तू फरक सांग. केवढा चालेल तुला?”

तिने हातातलं सूत दाखवलं. “ह्येच्यापेक्षा कमी.”

“हातभर लांबीत अशी किती सुतं शेजारी शेजारी बसतील?”

तिने डोळे बारीक करून अंदाज घेतला. “तीनशे धर.”

“मग तीनशेव्या काडीच्या पुढच्या कुठल्याही दोन उचल. शेजारच्या नको. लांबलांबच्या उचल.”

“चारशेवी आनि लाखावी.”

“चारशेवीची लांबी सुताच्या जाडीहून कमी. लाखावीची तर त्याहून कमी. दोन्ही सुताच्या आतच मावल्या. मग त्यांच्यातला फरक सुताहून मोठा होईल कसा?”

तिने सूत डोळ्यांजवळ धरून निरखलं. म्हातारा होडीकडून उठून दारात येऊन उभा राहिला.

“सूत जाडं हाय,” ती अखेर म्हणाली. “केस घे.” आणि डोक्याचा एक पांढरा केस उपटून तिने माझ्या हातावर ठेवला.

“हातभर लांबीत किती केस बसतील? दहा हजार? मग दहा हजारावीच्या पुढच्या घे.”

“केसाचा अर्दा.”

“वीस हजारावीच्या पुढच्या.”

“त्याचा अर्दा.”

“चाळीस.”

ती जाळं बाजूला ठेवून माझ्याकडे पाहू लागली. “म्हंजे मी मागत ऱ्हाईन, आनि तू देत ऱ्हाशील?”

“तू काहीही माग. उत्तर तयार आहे.”

“आनि या काड्या जातात कुटं? शेवट काय?”

“ते या सिद्धतेत विचारावंच लागत नाही, बाय. कुठे पोचणार हे ठाऊक नसलं तरी चालतं. एकमेकींच्या किती जवळ येतात एवढंच तपासायचं.”

हे बोललो आणि माझ्याच मनात आलं. माझं तरी पुढचं कुठे ठरलं होतं? बायने केस माझ्या हातावरून उचलला, फुंकून टाकला आणि सुई हातात घेतली. “बराय,” ती म्हणाली. “आता जाळं उसव.”

पटलं, असं ती म्हणाली नाही. पण त्या पावसाळ्यात ती रोज संध्याकाळी मला एकेक प्रमेय सांगायला लावू लागली. मी एखादी पायरी गाळली की तिला ती कळायचीच. कशी, ते मला विचारू नका. बहुतेक माझा आवाज तिथे घाई करत असावा. नारळी पौर्णिमेला म्हाताऱ्याची होडी नवं जाळं घेऊन पाण्यात गेली. त्यात माझे चारेकशे आस होते, सगळे पट्टीवर विणलेले. ऑक्टोबरात मी मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आलो. आल्यावर परीक्षेला बसल्याची चिठ्ठी बायने मागून घेतली आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिली.

निकाल लागला तेव्हा हवेत गारवा आला होता आणि गावभर बोंबील वाळत होते. मी बोईसर स्टेशनवर वर्तमानपत्र विकत घेतलं, नंबर पाहिला, पुन्हा पाहिला आणि दांडीपर्यंत सायकल कशी आणली ते मला आठवत नाही. बाय रस्त्यालगत बांबूंवर बोंबील अडकवत होती.

“बाय! पास झालो!”

तिने हातातला बोंबील अडकवला. मग म्हणाली, “कशावरनं?”

मी पेपर उघडून बोट ठेवलं. तिने माझं बोट झटकलं. घरात जाऊन चिठ्ठी आणली, पदराला हात पुसले आणि रस्त्याकडेला फतकल मारून बसली. तिला आकडे वाचता येत नव्हते. चिठ्ठीवरचा नंबर पेपरातल्या एकेका नंबराला लावत, आकड्यांची वळणं जुळवत, ती वरपासून खाली येऊ लागली. शेजारचे नंबर एका आकड्याच्या फरकाचे. दर वेळी ती पुन्हा चिठ्ठीकडे येई, आधी पाहिलेल्या नंबरावर एकदाही भरवसा ठेवी ना. मी उन्हात उभा. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर तिचं बोट थांबलं. तिने पाच वेळा तरी ताडून पाहिलं.

“ह्यो हाय,” ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच म्हणाली, “पन ही पास झालेल्यांचीच यादी कशावरनं?”

“अगं, वर लिहिलंय तसं!”

“तू वाचतोस. तुजाच निकाल, आनि तूच वाचनार?”

बोईसरची एस.टी. येत होती. बाय रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडी थांबली. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. बायने पेपर खिडकीतून कंडक्टरच्या नाकासमोर धरला. “ह्ये वर काय लिवलंय? मोट्यानं वाच.”

कंडक्टरने वाचलं, “बी.ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेले उमेदवार.”

“उत्तीर्न म्हंजे?”

“पास, आजी.”

तिने पेपराची नीट घडी घातली. गाडी गेली. तोवर चारदोन बायका जमल्याच होत्या. पाटीवाली शेजारीण पुढे आली आणि आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, “काय झालं गं बाय?”

“पोर पास झाला.”

शेजारणीने कमरेवर हात ठेवला. इतक्या वर्षांची उधारी फेडायची संधी ती कशी सोडील? हुबेहूब बायचा आवाज काढून तिने विचारलं, “कशावरनं?”

सगळ्या बायका फिस्कन हसल्या. मला वाटलं, आता बाय पेपर उघडणार, चिठ्ठी काढणार, पुढची एस.टी. अडवणार. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. खारट वाऱ्याने नव्हे, मी समोरच उभा होतो. तिने बोंबलाच्या वासाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि शेजारणीला ठणकावलं.

“मी सांगते म्हनून!”